डॉक्टरांनी विचारलं होतं

आबा, आज निगडीच्या सभागृहात पुन्हा टाळ्या घेतल्या. पुढं माणसांचे डॉक्टर होते, मागं पशुवैद्यकीयची पोरं. रोग गोठ्यातून माजघरात येताना कुणाची परवानगी मागत नाही, मग तुमची रजिस्टरं एकमेकांशी का बोलत नाहीत, असं मी ओरडून विचारलं. आणि शेवटी, नेहमीसारखं, माझ्या बापाचं, तुमचं मरण सांगितलं.

चाकणच्या अलीकडं आपल्या गावात एकाच भिंतीच्या एका अंगाला आरोग्य केंद्र होतं, दुसऱ्या अंगाला जनावरांचा दवाखाना. तिथं तुम्ही ड्रेसर, मलमपट्टीपासून सगळं करणारे. मी डबा घेऊन येतो, तेव्हा तुमचा तेल लावलेला उघडा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात आहे, व्यायल्यावर आत अडकलेली वार काढताय. मी नाक दाबतो. "दाब, दाब! ह्याच वासानं तुला कालेजात घातलंय," तुम्ही म्हणता. मग हात धुताना भिंतीकडं बघून हसता, "म्हस बोलत न्हाई, तरी तिचं दुखणं आमाला कळतं. पल्याडच्या डाक्टराला मानूस तोंडानं सांगतो, तरी कळंना!"

त्या हिवाळ्यात गावातल्या म्हशी एकामागून एक गाभडल्या, दिवस भरायच्या आधीच रेडकं पडली. मग तुम्हाला ताप धरला. यायचा, जायचा, घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरून यायची. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. शेवटी शहरातल्या दवाखान्यात नेलं, तोवर दुखणं काळजापर्यंत पोचलं होतं.

दहाव्याला तुमचे साहेब, जनावरांचे डॉक्टर, आले. घाटावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या म्हशींच्या रक्तात ब्रुसेला निघाला होता रे, त्यानंच गाभडल्या. माणसालाही होतो तो. यांचं रक्त त्यासाठी तपासलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. ते पुटपुटले, "मला वाटलं, जनावरांचं काम म्हटल्यावर डॉक्टर विचारतीलच."

त्या एका वाक्यावर माझी सगळी भाषणं उभी आहेत. डॉक्टरांनी विचारलंच नाही! टाळ्या तिथंच पडतात.

पण शहरातल्या दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आबा. "काय काम करतात? जनावरांशी संबंध?" माझे होणारे सासरे शेजारीच उभे होते. हिंजवडीत बंगला, दारात दोन गाड्या. तुम्ही कंपनीत सुपरवायझर आहात, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

"कंपनीत आहेत," मी म्हणालो. "जनावरं नाहीत."

बाईंनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही माझ्याकडं.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "कंपनीतच हाय."

सासरे चहाला खाली गेले, तेव्हा मी बाईंच्या दारापर्यंत गेलो होतो. आत गेलो नाही. तुम्ही ड्रेसर होता हे सासऱ्यांना दहाव्यालाच कळलं, तरी ते लग्न झालं. कुणी नावंही ठेवली नाहीत. इतकंच होतं ते.

हे कागद तुम्हाला कुठं धाडायचे? खणात ठेवतोय. आज टाळ्या पडत होत्या तेव्हा तिसऱ्या रांगेत पिकल्या केसांच्या एक बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, माझ्याकडं एकटक बघत. त्याच असतील, नसतीलही. मी मागच्या दारानं निघून आलो.