माझ्या नावाचं रक्त

६ जुलै
कीटकनाशकाच्या कारखान्यात अकरा वर्षं, आणि मी ठणठणीत. आता तर वाससुद्धा येत नाही. अंगवळणी पडलं की असंच होतं. पॅकिंगच्या बायका मास्क लावूनही खोकतात. मी त्यांची मुकादम, मला मास्क लागत नाही. संकल्प: कँटीनमधलं मुगाचं सूप रोज तीन वाट्या. मुगाने विष उतरतं, हे आमच्या यांगत्से नदीकाठी शेंबडं पोरही सांगेल.

९ जुलै
शर्टाचं बटण लागेना. हल्ली काजंच लहान शिवतात. धाकटी रुइलिन म्हणाली, ताई, डोळ्यांतल्या बाहुल्या बघ, टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. म्हटलं, उन्हाने. म्हणाली, ऊन कुठलं, दिवे लागलेत! भारी शहाणी. घरी बसून माझे युनिफॉर्म धुते आणि उरलेल्या वेळात डॉक्टरकी.

१३ जुलै
सोमवारी रक्ततपासणी. ज्याचं रक्त बिघडलं त्याची उचलबांगडी, थेट फाटकावर झाडू मारायला. आमचे मॅनेजर काओसाहेब म्हणाले, शेनबाई, तुम्ही काय, लोखंडाच्या! मान डोलावली. सूप सहा वाट्या.

१५ जुलै
सूप उलटलं. मूग कच्चे असणार.
त्यातच सुचलं: रक्त द्यायला माझ्या जागी रुइलिनला पाठवायचं. तोंडवळा एकच, कार्डावरचा फोटो जुना. कारखान्याचं फाटकही न पाहिलेली पोरगी, तिचं रक्त स्वच्छच! ती म्हणाली, ताई, मलाही गरगरतं गं हल्ली. म्हटलं, रिकाम्या माणसाला गरगरतंच.

१८ जुलै
काम फत्ते. कुणाला पत्ता नाही. बक्षीस म्हणून तिला खारवलेलं बदक आणलं. म्हणाली, नको, तोंडात नुसती लाळ सुटतेय. नखरे. मी खाल्लं.

२५ जुलै
रिपोर्ट आला. शेन रुइहुआ, म्हणजे मी: गंभीर विषबाधा. काओसाहेबांना ठणकावणार होते की घरी बसणाऱ्या बाईला विषबाधा होईलच कशी. वेळेवर जीभ चावली. यंत्रच बिघडलेलं.

२६ जुलै
रुइलिन कपड्यांच्या टबापाशी कोसळली. दवाखान्यात नाव विचारलं. खरं सांगितलं तर नोकरी जाते. रिपोर्ट पुढे केला. माझ्याच नावाने ती भरती झाली. डॉक्टर मला म्हणाले, बहिणीला असल्या कामाला धाडता कशाला? हाताला केवढा उग्र वास येतोय तिच्या. मला नाही आला. फार भीती वाटते. उद्या सगळं खरं सांगायचं, नक्की.

२७ जुलै
अजून सांगितलं नाही. तिला जरा बरं वाटू दे, मग.
सकाळी नर्स तिच्या गालावर थापट्या मारत हाका मारत होती, रुइहुआ, अहो रुइहुआ. ती उठेना. शेवटी मीच ओ दिली.