चार वाजता घेतलेलं नाव

४ मे १९७०, सोमवार

काय गं वही, परवा मी काय सांगितलं होतं? सांग बघू! नाही ना आठवत? पान उलटलं की मागचं गेलं — जातच तुझी तशी. मी अंगठेबहाद्दर, पण बहात्तर वर्षांचं सगळं डोक्यात जागच्या जागी आहे. ऐक, पुन्हा सांगते.

तू मुळात माझी नाहीसच. माझी नातसून प्रेमकुंवर, तिची तू. माझा नातू दीपचंद जपानात कोबे गावी मोत्यांच्या पेढीवर असतो. तो दर पत्रात बायकोला दहा-बारा इंग्रजी शब्द पाठवतो. ते तिनं तुझ्यात उतरवायचे. उरलेली जागा मी मागून घेतली. मी बोलते, ती लिहिते. ‘दादीसा, हळू सांगा ना!’ म्हणते. हळू बोलायला मी काय आजारी आहे?

तेवीस तारखेला ती जायची. मुंबईहून विमान. हाँगकाँगला उतरून दुसरं विमान. एकटी! सातवी शिकलेली शिंदखेड्याची पोर. तिला हसू येतंय. मी बोटांवर दिवस मोजतेय.

७ मे

दीपचंदचं पत्र. आजचे शब्द — शूज, स्लिपर, अंब्रेला, क्यू, सॉरी.

तिथे म्हणे दारातच शूज काढतात, आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवतात. घरात स्लिपर. संडासाच्या स्लिपर वेगळ्या! म्हणजे माणसं आहेत तर. दुकानाच्या दारात ओल्या अंब्रेला उभ्या करून ठेवायला भांडं असतं, आणि दुसऱ्याची कुणी उचलत नाही. ओसाकाला मोठं प्रदर्शन भरलंय, तिथे तीन-तीन तास क्यू. ढकलाढकली नाही. आमच्या नळावर आणून उभे करा त्यांना एकदा!

मला अक्षर येत नाही, म्हणून मी शब्द घरात मांडून ठेवलेत. अंब्रेला खुंटीला. स्लिपर पलंगाखाली. क्यू नळापाशी. सॉरी उंबऱ्यावर — तिथे कामाला येणाऱ्या मंजुळाबाईच्या पायावर माझा पाय रोज पडतो. घरातून एक फेरी मारली की सगळे पाठ. प्रेमचे दोन हुकले, माझा एकही नाही!

मोत्याला पर्ल. शिंपल्यातल्या जीवाचं पुढे काय होतं, ते मात्र पत्रात कधी येत नाही. विचारीन म्हणते.

११ मे

गच्चीवर मंगोडी घातली. प्रेमला न्यायला. मुगाच्या डाळीचे एवढे-एवढे ठिपके, उन्हात दोन दिवस. मंजुळाबाई म्हणाली, ‘माय, तू एक बी चाखत नही, काब्र वं?’

माझा त्याग आहे. एकोणीस वर्षं झाली. का, ते सांगायचं नसतं.

प्रेमची मान खाली आहे, पण कान टवकारलेत. लिही, लिही!

१३ मे

‘व्हेजिटेरियन’ हा शब्द तोंडात मावत नाही. नो फिश, नो एग, नो मीट — तीन बोटं दाखवायची. पुरे.

१६ मे

आजचं पत्र चांगलं नाही.

दीपचंद लिहितो — हाँगकाँगला साहेब पासपोर्ट बघतो आणि तोंडानं विचारतो. नाव काय, कुठे जायचं, नवऱ्याचं नाव काय. पासपोर्टात सगळं असतं, तरी विचारतो, बाई खरी की खोटी ते बघायला. एका व्यापाऱ्याची बायको गप्प राहिली, तर तिला चार तास बाकावर बसवून ठेवलं. तिचं पुढचं विमान निघून गेलं. परक्या मुलखात रात्रभर एकटी!

शेजारच्या लताबाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांना बोलावलं. प्रकाश म्हणजे माझा मुलगा, प्रेमचा सासरा. त्याची काळी टोपी मी घातली आणि साहेब होऊन पलंगावर बसले. लताबाई माझ्या कानात सांगतात, मी मोठ्यानं विचारते.

‘व्हॉट इज युवर नेम?’ — ‘प्रेमकुंवर.’

‘व्हेअर आर यू गोइंग?’ — ‘कोबे, जपान.’ ठसक्यात!

‘हजबंड्स नेम?’ — पदर तोंडात. कान लाल.

‘अगं बोल!’ लताबाई म्हणाल्या. ‘ते... ह्यांचे... सासूबाईंचे मोठे.’ सासऱ्याचंही नाव घेता येईना, मग सांगणार तरी काय? लताबाई हसून-हसून खाली बसल्या.

मी टोपी काढली. हसू आलं नाही मला.

१७ मे

दिवसभर तेच. वीस वेळा विचारलं, वीस वेळा पदर तोंडात. मंजुळाबाई म्हणाली, ‘त्यात काय शे! आमी नाव घेतस तसं उखाणात घे ना!’ लताबाईंनी उभ्या-उभ्या जुळवलाही —

‘मोत्याला म्हणतात पर्ल, छत्रीला अंब्रेला,
दीपचंदांचं नाव घेते, जाऊ द्या मला कोबेला!’

जमलेल्या बायका टाळ्या पिटू लागल्या. प्रेमनं तोंड उघडलं. आणि मी ओरडले — ‘नको!’

सगळ्या गेल्या. लताबाई जरा रागावूनच गेल्या.

हे कुलूप मीच घातलंय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हिच्या तोंडून नाव निसटलं, तेव्हा हिच्या ओठांवर बोट ठेवून मी म्हटलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं. पोर तेव्हापासून नाव गिळते.

नाही घेतलं तर ती अडकणार. घेतलं तर दीपचंदला... नको. हे लिहू नकोस.

लिहिलंस?

१८ मे

आज सांगूनच टाकते. वही, तू विसरतेस ते एक बरं आहे. पण लिहिणारी विसरणार नाही. असो. ती एवढ्या लांब जातेय, तिला कळलं पाहिजे.

एक्कावन्न साल. दीपचंदच्या आजोबांना विषमज्वर. शिंदखेड्याहून धुळ्याला दवाखान्यात नेलं. ते काही खात नव्हते, म्हणून मीही दोन दिवस अन्न सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात बसलेले, घूंघट ओढून. प्रकाश जवळ नव्हता. आतून नर्स कागद घेऊन आली. ‘पेशंटचं पूर्ण नाव सांगा.’ मी मान हलवली. ती म्हणाली, ‘बाई, वेळ नाही मला.’ समोर घड्याळ. मला वाचता येत नाही, पण ठोके येतात मोजता. चार वाजले, आणि मी नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. तिनं लिहून घेतलं.

मग प्रकाश आला. तो मला बाईच म्हणतो. म्हणाला, ‘बाई, आधी जेवून घे. दिवस मावळला की नेमाप्रमाणे तू पाणीसुद्धा घेणार नाहीस.’ डब्यातली मंगोडीची भाजी, दोन फुलके. शेजारी बसून खाऊ घातलं. दिवस मावळला. मग माझा हात धरला आणि म्हणाला — दादा गेले.

चारला नाव घेतलं, मावळतीला माणूस गेला. मी घेतलं म्हणून गेला.

मंगोडी त्या दिवसापासून सोडली. आणि घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेच्या ओठांवर बोट ठेवलं.

प्रेमचं पेन थांबलंय. लिही गं बाई, रडून शाई पसरवू नकोस.

१९ मे

भीती बोलली की कमी होते म्हणतात. खोटं आहे!

२२ मे

मंगोडीचा डबा कापडात शिवला. खाखरे, मुगाचे पापड. प्रेमनं शेवटची फेरी मारली — खुंटी, पलंग, नळ, उंबरा. एकही शब्द हुकला नाही.

पाया पडताना मी तिचं तोंड वर केलं. म्हटलं, साहेबानं विचारलं तर घे नाव. पाप लागलं तर माझ्या माथी.

बोलले तर खरं. पण दीपचंदला काही झालं तर?

२५ मे

आज अक्षर बदललंय म्हणे. मला काय कळणार, पण आवाज कळतो — प्रेमचं पेन कुरकुरायचं, लताबाईंचं नुसतं सरकतं. लताबाई, मागची पानं वाचायची नाहीत! वाचली असतील तर विसरा.

परवा प्रकाश आणि धनकुंवर, दीपचंदची आई, तिला विमानात बसवून आले. अजून तार नाही. आकाशात घरघर झाली की दारात येऊन बघते.

२६ मे

तार नाही. प्रकाशला दोनदा तार ऑफिसात पाठवलं.

२७ मे

तार आली! ‘पोचली. दोघे खुशाल.’ दोघे — हा शब्द मी लताबाईंकडून सहा वेळा वाचून घेतला. पण दोघे परवाचे खुशाल. आजचं कोण सांगणार? तिनं नाव घेतलं की नाही, ते तारेत नाही.

८ जून

प्रेमचं पत्र. लताबाईंनी वाचलं.

साहेबानं विचारलं. तिचं तोंड उघडेना. त्यानं बाकाकडे बोट दाखवलं. तिथे आधीच एक म्हातारी बसून रडत होती. मग हिनं डोळे मिटले, मनातल्या मनात खुंटीवरच्या अंब्रेलापाशी गेली, आणि अख्खा उखाणा म्हटला! मराठीत! साहेबाला काही कळलं नाही, पण ‘दीपचंद’ कळलं. हसला आणि शिक्का मारला.

कोबेला सगळे एकमेकांना नाव घेऊनच हाक मारतात, नावापुढे ‘सान’ लावून. ‘कुणाचंही आयुष्य उणं झालेलं दिसत नाही, दादीसा,’ असं लिहिते. चेष्टा करते माझी! पण त्याच पत्रात शेवटी — ह्यांना थोडी कणकण आहे.

कणकण! बघ. बघितलंस?

लिफाफ्यात वेगळी चिठ्ठी होती, सासऱ्याच्या नावाची. प्रकाश ती घेऊन दुकानात गेला.

९ जून

कणकणीचं काय झालं? माळ हातात, पण चित्त कोबेला.

११ जून

दुपारी प्रकाश दुकान सोडून घरी आला. माझ्या पायाशी बसला. पन्नाशीला टेकलेला मुलगा, पण लहानपणी बरणी फोडली की बसायचा तसा. प्रेमची ती चिठ्ठी वाचून दाखवली.

‘समोर विचारलं नसतं. कागदाला घूंघट लागत नाही, म्हणून विचारते. मुंबईला, हाँगकाँगला, ओसाकाला, सगळीकडे नाव दारातच विचारतात. आत घेतल्यावर नाही. मग धुळ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी चार वाजता दादीसांना नाव कशासाठी विचारलं?’

प्रकाशनं चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाला, ‘बाई, नाव मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. नर्सचा तो कागद मृत्यूच्या दाखल्याचा. दादा तीनला गेले होते.’

मला वाटलं, घड्याळ बंद पडलं.

‘दोन दिवस तुझ्या पोटात काही नव्हतं. तेव्हाच सांगितलं असतं तर तू घास घेतला नसतास, आणि दिवस मावळल्यावर पाणीही नाही. नर्सला म्हटलं, आईला कळू देऊ नका. तू जेवलीस, मग सांगितलं. मंगोडी त्यासाठी सोडलीस, हे मला कुठे ठाऊक!’

एकोणीस वर्षं! मी गेलेल्या माणसाचं नाव घेतलं होतं.

१२ जून

लताबाई, लिहा. मोठ्या अक्षरात. मिश्रीलाल. पुन्हा लिहा. मिश्रीलाल.

सकाळीच दीपचंदची तार आली — ताप उतरला, मंगोडी संपली. धनकुंवर, कोबेला मंगोडी पाठव, चांगली दोन शेर. मूठभर मागे ठेव. आज दिवस मावळायच्या आत तिची भाजी कर आणि माझ्या ताटात वाढ.