मॅनेजर व्हायच्या आधीचं वर्ष

छत्रपती संभाजीनगर

प्रिय आबा,
तुम्हाला आणि आईला मनापासून जय भीम.

“गिऱ्हाईक खोटं बोलत असलं, तर मॅनेजरनं कुणाची बाजू घ्यायची?” तुम्ही फोनवर विचारलंत. मला अजून उत्तर देता येत नाही.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. वेरूळ बघायला आलेल्यांनी आमचं हॉटेल भरलंय. परवा एका पाहुण्यानं सिगारेटनं चादर जाळली आणि आळ खोल्या साफ करणाऱ्या गोजरबाईंवर घातला. काउंटरवर मीच होते, मी दोघांचीही माफी मागितली. गोजरबाई म्हणाल्या, “लई शिकलीस माय! त्याची माफी चारचौघांत, अन् माझी जिन्याखाली व्हय?”

फोनवर सांगितलं तसं, हॉटेलच्या साहेबांनी मला दोन प्रशिक्षणं सुचवली आहेत. तीन महिन्यांचं केलं, तर दिवाळीलाच मॅनेजर. दुसरं वर्षभराचं, त्यात धुलाईपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे स्वतः राबायचं. दोन्हीकडे जाऊन मी तुमचाच प्रश्न विचारला. पहिल्या ठिकाणचे सर म्हणाले, “पाहुण्याची. पुढं विचारा.” दुसरीकडच्या मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. “असं नेमकं कधी झालं?” मी चादरीचं सांगितलं. त्यांनाही पक्कं उत्तर ठाऊक नव्हतं, पण आम्ही तासभर बोललो.

आईचा गुडघा कसा आहे? धाकटा संघपाल अभ्यासाला बसतो ना? आणि आबा, दिवाळीला मी मॅनेजर होणार असं गावात सांगून टाकलं नाही ना? वर्षभर मॅनेजरची जागा माझ्यासाठी थांबेल, असं साहेब म्हणाले नाहीत.

रागावू नका. काल मी वर्षाच्या प्रशिक्षणात नाव घातलं.

तुमची लेक,
विशाखा