पाण्यातल्या गणपतीची व्यवस्था

मी, मोरेश्वर वामन वैरागडे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा घरगुती यंत्रांची दुरुस्ती (आता निवृत्त), राहणार रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, आज रविवारी दुपारी गॅरेजमधल्या टेबलाशी बसून, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेलं नाही, चहा सोडून. परवा मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतो, रुटीन आहे. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना हाच शब्द सांगत आलो, त्यामुळे तो केव्हा वापरतात हे मला माहीत आहे.

याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. याआधी मी केलेला एक नवसही रद्द समजावा. त्याचा खुलासा पुढे केला आहे, आणि खरं म्हणजे हा सगळा कागद त्यासाठीच आहे.

मराठीत लिहिण्याचं कारण असं, की माझा मुलगा अनीश याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे हे माझ्या सुनेला, राधिकाला, मोठ्याने वाचावं लागेल आणि सर्वांना एकाच वेळी ऐकावं लागेल. मला ते तसंच हवं आहे. राधिका, सावकाश वाच. इंग्रजी काय करायचं ते वकील बघतील.

कलम १. राहतं घर, सामानासकट, माझ्या पश्चात माझी पत्नी शुभा हिच्या एकटीच्या मालकीचं. तिला कोणीही ‘आई, आमच्याकडे सनीव्हेलला या’ असा आग्रह दोनदा करू नये. एकदा करावा, नाही केला तर तिला वाईट वाटेल. बचतही तिचीच. ती ज्या बँकेत आहे ती गेल्या गुरुवारी सरकारने ताब्यात घेतली आणि दुसऱ्या बँकेला विकली. पैसे सुरक्षित आहेत असं काउंटरवरची बाई सांगत होती, पण तिच्या आवाजावरून तिचीच खात्री पटलेली दिसली नाही. तरी मी पैसे तिथेच ठेवले, कारण शुभा म्हणाली, या आठवड्यात काहीही हलवू नका.

कलम २. दुकान मी मागच्या वर्षीच माझा कारागीर होसे याला देऊन टाकलं आहे. त्यावर कोणी हक्क सांगू नये. हत्यारंही त्याचीच. फक्त लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर अनीशला. बाळा, तू कोड लिहितोस, तुला तो लागायचा नाही हे मला कळतं. टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. आत काय बिघडलंय ते मशीन आपण होऊन सांगतं. या हत्यारावर मी घर बांधलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी म्हणायचो, बाई, बोलू नका, फोन ड्रायरजवळ धरा. आणि निघतानाच योग्य तो पार्ट गाडीत टाकायचो. यंदा जूनमध्ये तू मला गॅरेजमध्ये पाहिलंस आणि ‘बाबा, व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणालास, तेव्हा टोक माझ्या छातीला होतं. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये जे सांगितलं ते मला त्या दिवशी कळलं होतं. डिशवॉशरमध्ये पाणी घेणारी झडप नीट मिटेनाशी झाली की असाच आवाज येतो.

कलम ३. देवघरातला पितळी गणपती मी कोणाला देऊ शकत नाही, कारण तो माझा नाही. तो शुभाच्या आईचा. १९७६ साली नागपूरहून शुभाच्या मांडीवर बसून शिएटलला उतरला. पण गेली सात वर्षं तो देवघरात नाही. तो स्वयंपाकघरात, खिडकीखाली, वॉशिंग मशीनच्या दाराची जी जाड काचेची वाटी असते तिच्यात, पाण्यात बसलेला आहे. त्याला तिथे मी बसवलं.

ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिएटलची मरिनर्स ही टीम १९७७ची, म्हणजे ते आणि मी इथे साधारण एकाच वेळी आलो. मी इंग्रजी शिकलो ती त्यांच्या मॅचेस रेडिओवर ऐकून. बॉल बॅटला कसा लागला हे समालोचकाने सांगायच्या आधी मला आवाजावरून कळायचं, आणि दुकानात मी त्यावर पैजा जिंकायचो. ती टीम बहुतेक वर्षं हरायची. मग २००१ साली ते एकशे बासष्टपैकी एकशे सोळा मॅचेस जिंकले. त्याहून जास्त आजवर कोणीच जिंकलेलं नाही. तो उन्हाळा मी जमिनीवर नव्हतोच. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले, खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे शेवटच्या अजिंक्यपदाच्या, दारात आमची गाठ नेमकी न्यूयॉर्कशी पडली. सातात जो आधी चार जिंकेल तो पुढे. पहिल्या दोन मॅचेस आम्ही इथे, आमच्याच मैदानावर हरलो.

तिसऱ्या मॅचच्या दिवशी हॉलमध्ये मंडळी जमली होती. मी देवघरातून गणपती उचलला, त्या वाटीत ठेवला, गळ्यापर्यंत पाणी ओतलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो, “यांना एकदा वर्ल्ड सिरीज जिंकू दे. ती बघितली की मला खुशाल ने.”

मंडळी हसली. शुभा ओट्याशी होती. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, “माझ्या आईचा गणपती आहे तो. त्याच्यापाशी असं बोलायचं नसतं.”

त्याच दिवशी आमच्या टीमने न्यूयॉर्कमध्ये जाऊन चौदा रन काढले. मला वाटलं, ऐकतोय. पुढच्या दोन्ही मॅचेस हरलो आणि सगळं संपलं. संपल्याबरोबर संजयचा फोन आला. हा न्यू जर्सीहून इकडे आलेला, न्यूयॉर्कचा भक्त, माझ्याच सोफ्यावर बसून माझीच भजी खाणारा. म्हणाला, “काका, गणपतीला टॉवेल द्या.” सबब, माझ्या पश्चात संजयला एक टॉवेल देण्यात यावा. नवा आणावा, जाड आणावा, आणि का दिला ते विचारल्यास हे कलम वाचून दाखवावं.

मी देव बाहेर काढायला गेलो तर शुभाने माझा हात धरला. नवस पुरा झाल्याशिवाय काढता येत नाही, म्हणाली. घातलात ना, आता राहू दे. त्या दिवसापासून ती रोज सकाळी वाटीतलं पाणी पळीने काढते आणि नळाखालून भांड्याने ताजं भरते. देव कोरडा पडू देत नाही. गणेशोत्सवात मातीची मूर्ती येते, दीड दिवसाने जाते. हा आपला तिथेच. आता त्याच्या कानाच्या कडेला हिरवं चढलंय. नात इशिता लहान असताना विचारायची की याला पोहता येतं का. शुभा तिला म्हणायची, त्याला वाट बघता येते.

मी समजत होतो की शुभा माझ्या टीमसाठी एवढं करते. दोन हजार चारमध्ये ते नव्याण्णव मॅचेस हरले. त्या वर्षी एका सकाळी मी हॉलमध्ये पेपर धरून बसलो होतो. आत नळ चालू होता. नळ चालू असला की बाहेर ऐकू जात नाही असं लोकांना वाटतं. ज्याने आयुष्यभर चालत्या मोटारीच्या आडून बेअरिंग ऐकलं, त्याला नळाचं काय! शुभा देवाशी बोलत होती. म्हणाली, “बाप्पा, आजही हरू दे त्यांना.”

मला आधी हसू आलं. पेपरची दोन पानं उलटेपर्यंत ते गेलं. ते जिंकले की मला न्यायचं, असं मीच बोलून बसलो होतो. ती हे सगळं मला ठेवून घेण्यासाठी करत होती. एका वाटीत एकच देव, आणि त्याच्याकडे एकाच घरातून दोन उलट मागण्या. त्याने कोणाचं ऐकलं हे निकालावरून दिसतंच आहे.

मी तिला हे कधी सांगितलं नाही. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. पण मागच्या वर्षी, २००७च्या ऑगस्टमध्ये, टीम अचानक खेळायला लागली. प्लेऑफ दिसायला लागले. दुकानात होसे नाचायचा. घरी शुभा जेवेनाशी झाली. आणि त्याच आठवड्यात मी एका ड्रायरच्या मागे वाकलेलो असताना खाली पडलो. हॉस्पिटलमध्ये मी पडून, आणि इकडे टीम ओळीने नऊ मॅचेस हरली. दर पराभवागणिक माझा रिपोर्ट सुधारत गेला. सोडलं त्या दिवशी शुभाने उकडीचे मोदक केले. नर्सला म्हणाली, ‘ही इज फाइन नाउ, दे आर लूझिंग.’ नर्सला वाटलं बाईंना इंग्रजी येत नाही.

मी अंधश्रद्ध माणूस नाही. पट्टा तुटला की ड्रम थांबतो, एवढंच मी मानत आलो. पण त्या ऑगस्टपासून माझ्या ध्यानात आलं, की मॅच ऐकताना आमचा माणूस चेंडू उंच मारतो तेव्हा माझा हात आवाज कमी करायला जातो. तीस वर्षांचा चाहता, आणि झेल पकडला गेला की मला सुटल्यासारखं वाटतं. यंदा ते एकशे एक मॅचेस हरले. शुभा सगळं वर्ष गुणगुणत स्वयंपाक करत होती. शेजारचा विनयसुद्धा खूश, कारण सगळ्यात वाईट टीमला पुढच्या वर्षी सगळ्यात चांगला नवा खेळाडू आधी निवडता येतो. म्हणाला, “काका, आणखी तीन हरले की तो पोरगा आपला.”

त्या शेवटच्या तीनपैकी शुक्रवारची मॅच ते जिंकले. शनिवारचीही जिंकले. काल संध्याकाळी शुभाने पाणी दुसऱ्यांदा बदललं. परवा माझं ऑपरेशन आहे, आणि आज सीझनची शेवटची मॅच या टेबलावरच्या रेडिओवर, मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात चालू आहे.

म्हणून लिहून ठेवतो की:

ऑक्टोबर २००१मध्ये मी केलेला नवस, त्यातल्या दोन्ही भागांसह, मी या कागदाने मागे घेतो. टीम जिंको, हरो, माझं काही मागणं नाही आणि मी काही देऊ केलेलं नाही. मी घरी आलो तर देव माझ्या हाताने बाहेर काढीन. मी आलो नाही, तर शुभाने काढावा, चिंचेने घासावा आणि देवघरात ठेवावा. संजयचा टॉवेल वापरू नये.

शुभा, मला सगळं ऐकू येत होतं. तू जे मागितलंस ते सात वर्षं तुला मिळालं. परवा काही झालंच तर ते एका झडपेमुळे झालं. चेंडू कुठे पडला त्यामुळे नाही, आणि तुझ्याकडून पाणी बदलायचं राहिलं त्यामुळे तर नाहीच नाही. हे तू मानावंस अशी माझी शेवटची इच्छा आहे, आणि ती इतर सर्व कलमांच्या वरची समजावी.

वकिलांनी मला एक गोष्ट शिकवली आहे. करार एकट्याने मोडता येत नाही. दुसऱ्या पक्षाची संमती लागते. दुसऱ्या पक्षाची सही या कागदावर नाही. त्याला मी काल स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं. स्क्रूड्रायव्हरचं टोकसुद्धा काचेला टेकवून पाहिलं. आत नुसतं पाणी होतं.

कलम ४. रेडिओ आणि २००१च्या वर्ल्ड सिरीजची, इथे कधीच न झालेल्या मॅचची, दोन तिकिटं इशिताला. मला निरोप देताना टीमची टोपी घालू नये. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही ठेवणं बरं नाही असं कळल्यामुळे विनयला माझी शिडी मिळणार नाही. ती त्याच्याकडेच गेली चार वर्षं आहे, तिथेच राहू द्यावी.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

(सही) मोरेश्वर वामन वैरागडे

साक्षीदार:
(सही) विनय कुंटे, शेजारी
(सही) पद्मिनी कुंटे, शेजारी

स्थळ: रेडमंड, वॉशिंग्टन
दिनांक: २८ सप्टेंबर २००८

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर. राधिका, इथे थांब. यापुढचं मनातल्या मनात वाच आणि कागद घडी करून ठेव.

पद्मिनीची सही चालू असताना मॅच संपली. ते जिंकले. ओळीने तिसरी. विनयने डोक्याला हात लावला. तो नवा पोरगा आता दुसऱ्या कोणाचा तरी झाला. मी रेडिओ बंद केला आणि दोघांना सांगितलं की शुभाने विचारलं तर काय सांगायचं. विनय म्हणाला, “काका, आत्ताच खरेपणाच्या सह्या घेतल्यात ना आमच्या?” पद्मिनीने त्याला कोपर मारलं.

स्वयंपाकघरातून शुभाने हाक मारली, “अहो, काय झालं मॅचचं?”

मी म्हणालो, “हरले.”

नळ चालू होता. तो बंद झाला. मग ती, बाहेर ऐकू जात नाही अशा समजुतीने, हळूच म्हणाली, “झालं हं बाप्पा, या वर्षाचं.”

मो. वा. वै.