मँचेस्टरची टॅक्सी आणि सोसायटीची गाडी

गेवराई,
टँकर यायचा वार

चि. भारत यास कारभारीकाकाचा सप्रेम जयभीम.

तुम्ही उभयता खुशाल असालच. तिकडे रोज पाऊस, त्यामुळे कुरकुरायला विषयही आयता. मी आणि तुझी जाईआत्या सुखरूप पोचलो.

तुमच्या मँचेस्टरात मी पंधरा दिवस राहिलो, पण डोळे भरून पाहिली ती तू विमानतळावर पाठवलेली, चाकाच्या खुर्चीसकट माणूस नेणारी टॅक्सी. (पुष्पक विमानात कितीही बसले तरी एक जागा उरे म्हणतात; चढायला पायऱ्या होत्या की फळी, यावर मात्र पुराणे गप्प आहेत.) तिथे आमची झालेली शोभा तुला आजवर सांगितली नाही. ड्रायव्हरने मागे उतरती फळी लावली. तिच्यावरून आम्ही बॅगा चढवल्या, आणि आत्याला, तिचे पाय गेल्यापासूनच्या सहा वर्षांच्या सवयीने, मी खांद्याकडून, विमानात भेटलेल्या एका लातूरकराने पायांकडून उचलून बाजूच्या दारातून कोंबले. ड्रायव्हर वाकला आणि तिलाच विचारू लागला, 'बाई, तुम्हाला कसं बसायला आवडेल?' (भाषांतर माझे. उत्तरही मीच देत होतो. तिने हातानेच गप्प केले.) मग ती उतरून परत खुर्चीत बसली आणि खुर्चीसकट, राणीसारखी, फळीवरून आत गेली. सहा वर्षांत हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला सुचला नव्हता, भारत.

तेव्हापासून ती कुणाला उचलू देत नाही. 'त्यानं मला इचारलं, तुला न्हाई. फळी आणा, न्हाईतर मी घरीच बरी.' पण रविवारी दूध सोसायटीची सभा आहे. जनावरे छावणीत, दूध आटलेले, म्हणून नुसती उभी असलेली दुधाची गाडी विकायचा ठराव आहे, आणि तो पाडायला आत्याला जायचेच आहे. त्याच गाडीला कॅन चढवायची फळी आहे. इलियास मिस्त्री ती लांबवायला तयार आहे, पण चढ किती ठेवू, असे मला विचारतो. मला व्याकरण येते. चढ येत नाही.

तुझा,
कारभारीकाका

ता. क. पत्राचे खरे कारण हेच: त्या टॅक्सीच्या फळीची लांबी आणि उंची मोजून शनिवारच्या आत कळव.

पुन्हा ता. क. पत्र पाठवायचे राहिले आणि रविवार उलटला. मोजमाप नको. इलियासने फळी टेकवून आत्यालाच विचारले, 'आपा, इत्ता चढ चलेगा?' तिने दोनदा बदलायला लावला. ठराव पडला, दूध सुरू होईतो गाडी चालता न येणाऱ्यांना दवाखान्यात, बाजारात नेणार आहे. सभेतले हे सगळे ऐकीव. मी गाडीत चढू लागलो तेव्हा आत्या म्हणाली, 'तुला पाय हायेत की. चालत ये.' तीन किलोमीटर. पोचलो तेव्हा सभा उठली होती.