बिनवासाची पेटी

दांडी, बुधवार संध्याकाळ

आज नात प्राजू मला मनोरला घेऊन गेली. बोईसरच्या नव्या घरात तिला जुनी सागवानी पेटी हवी. "आजी, तूच निवड." मी काय खूश! तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानात एकेक पेटी ठोकून बघितली, नाक आत घातलं. एकीला सुक्या बोंबलांचा वास. म्हटलं, "हीच घे, आपल्यातलीच हाय कुणाची."
"शी आजी, कपड्यांना वास लागेल!" हसली, बिनवासाची घेतली.
माज्या पेटीतपण जन्मभर बोंबीलच ठेवले. ती प्राजूलाच द्यायची, किती वर्षं मनात होतं. बोललेच नाय. घरी येऊन झाकण उघडलं, नाक आत घातलं. परत घातलं. मला तर कसलाच वास येत नाय.