मजा येईल तो व्यायाम

४ मार्च, सकाळ
आजपासून व्यायाम. रागाच्या भरात घेतलेले निर्णयच टिकतात.

कारण लिहून ठेवतो. काल आई बाथरूमच्या दारात घसरली. लागलं काही नाही, पण मी तिला उचलायला गेलो आणि आम्ही दोघंही खालीच बसलो. बायकोच्या मनगटाचं प्लास्टर परवाच निघालंय, तिचा उपयोग नाही. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्याला बोलवावं लागलं. त्याने एका झटक्यात उचललं. उपटायची सवयच असते त्यांना.

ही बातमी धाकट्याला कुणी कळवली देव जाणे. (बायकोने.) लगेच त्याचा फोन. म्हणे दादा, महिनाभर बघू, तुला आईला उचलता आलं नाही तर मी तिला माझ्याकडे नेतो, इथे लिफ्टही आहे. बघू म्हणे. याला मी लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलंय. (एकदाच. वाटेत पडला.)

५ मार्च
फिजिओथेरपिस्ट बाई येऊन गेल्या. आईला म्हणाल्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, तुमच्या मालिकेत जाहिराती लागल्या की करत जा. मला म्हणाल्या, घरच्या घरी ताकदीचे व्यायाम करा, पण तुम्हाला मजा येईल तेच निवडा, तरच सवय टिकते.

बाई हुशार आहेत. महत्त्वाचा शब्द 'निवडा'. घाईने निवडलं की काय होतं ते मी वॉशिंग मशीनच्या तक्रार विभागात रोज ऐकतो. लोक उत्साहाने मशीन घेतात, त्यावर कपड्यांचा ढीग ठेवतात आणि वर्षाने मलाच फोन करून ओरडतात. मी शांतपणे सांगतो, वापर न केल्यामुळे आलेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. माझं तसं होणार नाही. आधी नीट निवडणार.

८ मार्च
पुश-अप्स. अर्धा झाला, म्हणजे खाली गेलो. तिथून सोफ्याखालची धूळ दिसली, आणि धुळीत तो रिमोट, ज्याच्यासाठी मी गेल्या वर्षी सगळ्या घराला फैलावर घेतलं होतं. डोकं सणकलं. पडल्या पडल्या विचारलं, या घरात केर काढतं कोण? बायको म्हणाली, रविवारी तुमची पाळी असते.

पुश-अप्स रद्द. मजा येत नाही.

११ मार्च
स्क्वॉट्स. गुडघे वाजले. बायकोने आतून विचारलं, काय फुटलं? रद्द.

शिवाय आईच्या खुर्चीची करकर. मालिका सुरू असते तोवर ठीक, जाहिराती लागल्या की सुरू. उठते, बसते, उठते, बसते. त्यात मालिकेतल्या कपटी जावेवर तिचा भारी राग. उठताना म्हणते 'मेली', बसताना म्हणते 'निर्लज्ज'. असल्या वातावरणात माणसाने व्यायाम निवडायचा कसा? बोललो तर म्हणाली, तूही ये की, मजा येते. मी म्हटलं, मी गंभीरपणे करतोय.

१५ मार्च
डंबेल्स आले. काळे मागवले होते, जांभळे आले. फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, सर, रंगाने वजनात फरक पडत नाही. आवाजात तोच थंडपणा, जो मी इतकी वर्षं कमावलाय. बदलून मिळेपर्यंत जांभळ्याला हात लावणार नाही. वापरलेला माल ते परत घेत नाहीत, मला नियम माहीत आहेत.

तूर्त बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून लावून ठेवलेत.

१९ मार्च
रबरी पट्टा. दाराच्या हँडलला अडकवून ओढायचा. ओढला. हँडल निघून गालावर बसलं. सुताराला फोन करून झापलं. म्हणाला, साहेब, हँडल दार उघडायला असतं. उर्मट मेला.

जिन्यात दंतवैद्य भेटला. गाल बघून म्हणाला, अक्कलदाढ का? मी हो म्हटलं. उद्या सकाळची अपॉइंटमेंट देऊन गेला.

पट्टा आईने मागून घेतला. खुर्चीच्या पायाला बांधून पाय ताणत बसते. असू दे, म्हातारपणी काहीतरी चाळा हवा.

२४ मार्च
धाकट्याचा फोन. आईसाठी खोली रिकामी केली म्हणे, भिंतींना तिच्या आवडीचा पिस्ता रंगही दिला. आईला पिस्ता रंग आवडतो हे मला माहीत नव्हतं. खूप राग आला. कुणाचा, ते नीट कळत नाही.

संध्याकाळी दार उघडलं की आई टीव्हीवरची नजर न काढता विचारते, आलास का? आपण आलोय हे दिसत असताना. रोज चिडतो. ती गेली तर ते कोण विचारणार? बायको म्हणते, चपला नीट ठेवा.

आता चालढकल नाही. उद्यापासून. उद्या ऑडिट आहे, परवापासून.

३० मार्च
निवड जवळजवळ झाली. सोफ्यावर आडवा पडून बरेच व्हिडिओ पाहिले. त्यातला ट्रेनर घाम गाळताना हसत असतो. अशा माणसावर माझा विश्वास नाही.

आई म्हणाली, खुर्चीला जरा तेल घाल, तिची करकर हल्ली फार वाढलीय. मी म्हटलं, एका जागी बसलीस तर करकरणार नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. बायकांना तर्क पटत नाही.

४ एप्रिल, सकाळ
धाकटा आज संध्याकाळी येणार. बघू दे. सराव नसला तरी ताकद रक्तात असावी लागते. तरुणपणी मी गॅसचा भरलेला सिलिंडर जिन्याने वर नेलाय. (रिकामा होता. खाली आणला.)

४ एप्रिल, संध्याकाळ, पडून
धाकटा आला. आईची बॅग दारात तयार. आईच म्हणाली, होऊन जाऊ दे, आणि चटईवर जाऊन बसली. मी वाकलो, तिच्या काखेत हात घातले, जोर लावला. कंबरेत कट्कन आवाज आला. पुढचं मला आठवतं ते चटईचं नक्षीकाम.

हलता येईना. धाकटा, बायको, दोघंही माझ्याकडे धावले. तेवढ्यात आई एक गुडघा टेकून, कुठेही हात न लावता, स्वतःची स्वतः उभी राहिली. उठताना सवयीने 'मेली' म्हणाली. मग माझ्यापुढे हात केला. एका बाजूने ती, एका बाजूने धाकटा, असं मला सोफ्यावर टाकलं.

धाकटा बघतच राहिला. म्हणाला, आई, तू तर ठणठणीत आहेस, चल, निघू या. आई म्हणाली, मी कशी येऊ आता? मी आले तर याला उचलणार कोण?

धाकट्याने बॅग उचलून परत तिच्या खोलीत ठेवली. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

९ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, मोडलेलं काही नाही, वापर नाही म्हणून आखडलंय. वाक्य माझं होतं. ऐकून घेतलं.

आई इथेच राहिली, म्हणजे जिंकलो मीच, असं लिहायला वही उघडली होती. तेवढ्यात मालिका लागली. आईने एक खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ओढली आणि मला बसवलं. जाहिराती लागल्यावर म्हणाली, ऊठ. उठलो. एकदाच, तेही तिचा हात धरून.

बायकोने विचारलं, मजा आली का? मी म्हटलं, खुर्ची करकरते.